साल, कोंडा आणि मोठे आतडे : कोकणातील जिल्हा परिषदांना खुले पत्र

प्रति,
आरोग्य व शिक्षण समित्यांचे सभापती आणि सदस्य,
पालघर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्हा परिषदा.

सप्रेम नमस्कार.

मोठ्या आतड्याचा कर्करोग आपल्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर सहसा येत नाही. त्याला कारण आहे. युरोप-अमेरिकेच्या मानाने भारतात तो अजूनही कमी आढळतो. मात्र २०२२ साली जगभरात त्याचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण नोंदले गेले. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत तो फुप्फुसाच्या कर्करोगाखालोखाल दुसरा आहे. आपल्याकडे तो होतो तेव्हा फार तरुणपणी होतो आणि उशिरा सापडतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने आपल्या रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा सरासरी वय ४७ निघाले. ज्याच्या कमाईवर घर चालते त्या माणसाचे हे वय. यातल्या बऱ्याच जणांचा रोग गुदाशयात, म्हणजे तपासणाऱ्याचे बोट पोहोचेल इतक्या अंतरावर असतो.

आम्ही पोट-आतड्याच्या विकारांवर उपचार करणारे डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारे आहोत. नवी इमारत किंवा नवे यंत्र आम्हाला नको आहे. शाळेतले पोषण आहाराचे पातेले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातले तपासणीचे टेबल या दोन गोष्टी आपल्या हातात आहेत, आणि त्यांच्याविषयीच हे पत्र आहे.

आधी आतड्यात काय घडते ते सांगतो, कारण ते कळले की पुढची प्रत्येक मागणी आपोआप समजते.

आपण खातो त्यातले बहुतेक सर्व लहान आतड्यात पचते आणि रक्तात शोषले जाते. मागे उरतो तो चोथा: धान्याचा कोंडा, कडधान्याची साल, पालेभाजीचे तंतू, थोडा न पचलेला स्टार्च. मोठ्या आतड्यातले जिवाणू यावर जगतात. ते तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचे एक आम्ल तयार करतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपल्या गरजेची साधारण ६० ते ७० टक्के ऊर्जा या ब्युटिरेटमधून मिळवतात. निरोगी पेशी ते जाळून टाकते. कर्करोगाकडे झुकलेल्या पेशीला ते नीट जाळता येत नाही, ते तिच्यात साचते आणि तिची वाढ रोखते. शिवाय आंबण्यामुळे आतड्यातला आम्लपणा वाढतो. तो वाढला की पित्तातल्या आम्लांचे घातक रूपांतर करणारे जिवाणू मंदावतात. तेलकट खाण्याबरोबर पित्त जास्त सुटते, त्याचा काही भाग मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथे त्याचे डिऑक्सिकोलिक आम्ल होते. हे आम्ल अस्तराला सतत डिवचत राहते.

चोथा मिळाला नाही तर जिवाणू उपाशी बसत नाहीत. अस्तरावर बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो, तोच ते खायला लागतात. चोथा बंद केलेल्या उंदरांत हा थर विरळ होताना दिसला आहे. थर विरळ झाला की एरवी चार हात लांब राहणारे जिवाणू थेट पेशींना भिडतात.

त्यातल्या तिघांची नावे आता पक्की झाली आहेत. पहिला फ्यूजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम. हा मूळचा तोंडातला, किडलेल्या हिरड्यांतला. २०१२ साली तो मोठ्या आतड्याच्या गाठींत मोठ्या संख्येने सापडला. दुसरा बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिसचा विषारी प्रकार. त्याचे विष दोन पेशींना जोडणारी प्रथिने कापते. तिसरा ई. कोलायचा एक वाण, जो कोलिबॅक्टिन नावाचे विष बनवतो. हे विष पेशीच्या डीएनएवर ठरावीक ठसा उमटवून जाते. २०२५ साली ११ देशांतल्या ९८१ रुग्णांच्या गाठींचे डीएनए वाचले गेले. ज्यांचे निदान चाळिशीच्या आत झाले त्यांच्यात हा ठसा सत्तरीनंतर निदान झालेल्यांच्या मानाने ३.३ पट अधिक आढळला. हा ठसा बहुधा आयुष्याच्या पहिल्या दहा वर्षांत पडतो, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे.

पहिली दहा वर्षे, म्हणजे तुमच्या अंगणवाड्या आणि पहिली ते चौथीचे वर्ग. म्हणून या पत्रावर शिक्षण समितीचेही नाव घातले आहे. अमुक भाजी खाल्ली की हा ई. कोलाय आतड्यात शिरणार नाही, असे कोणी सिद्ध केलेले नाही आणि आम्हीही तसे म्हणत नाही. मुलांच्या आतड्यात कोणत्या जिवाणूंची वस्ती बसते त्यावर रोजच्या ताटाचा मोठा प्रभाव असतो, एवढेच आम्ही म्हणतो.

ताट बदलले की वस्तीचे काम किती लवकर बदलते, याचा पुरावा २०१५ सालच्या एका प्रयोगात आहे. अमेरिकेतल्या २० कृष्णवर्णीय लोकांना दोन आठवडे दक्षिण आफ्रिकेतल्या खेड्याचे जेवण दिले आणि त्या खेड्यातल्या २० जणांना अमेरिकन जेवण. अमेरिकनांचा रोजचा चोथा १४ ग्रॅमवरून ५५ वर गेला. आफ्रिकनांचा ६६ वरून १२ वर आला. चौदा दिवसांत अमेरिकनांत ब्युटिरेट अडीच पट झाले, आफ्रिकनांत निम्मे. पित्ताची घातक आम्ले अमेरिकनांत ७० टक्क्यांनी उतरली, आफ्रिकनांत कित्येक पट चढली. अस्तराच्या पेशी किती वेगाने विभागतात तेही त्याच दिशेने बदलले. प्रयोग लहान होता आणि त्यात कर्करोग मोजलेला नव्हता. तरी आतडे ताटाकडे किती बारकाईने पाहते ते त्यातून दिसते.

मोठ्या लोकसंख्येच्या अभ्यासांचा निष्कर्ष साधा आहे. दररोज १० ग्रॅम चोथा वाढला तर धोका साधारण १० टक्क्यांनी कमी आढळतो. दुसरी बाजूही सांगायला हवी. आतड्याच्या अस्तरावर कधीकधी कोंब, म्हणजे पुढे कर्करोग होऊ शकणाऱ्या लहान गाठी, उगवतात. ज्यांचे असे कोंब एकदा काढले आहेत त्यांना तीन-चार वर्षे गव्हाचा कोंडा किंवा चोथायुक्त आहार देऊन पाहिला, तेव्हा नवे कोंब येणे कमी झाले नाही. म्हणून पन्नाशीत कोंड्याचा डबा विकत आणून मागचे सगळे पुसून निघेल, असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. लहानपणापासून रोज ताटात असलेले अन्न आणि उतारवयात चमच्याने घेतलेली पूड यांत फरक आहे.

आता पातेल्याकडे येऊ.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली मुलांसाठी चोथ्याचे प्रमाण सांगितले: २ ते ५ वर्षांना रोज किमान १५ ग्रॅम, ६ ते ९ वर्षांना २१, दहाच्या पुढे २५. पोषण आहारात प्राथमिकच्या एका मुलासाठी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ-कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल धरलेले असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकांतले आकडे लावून पाहा. १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात २.८ ग्रॅम चोथा. २० ग्रॅम तूरडाळीत १.८. बटाटा-कोबीच्या ५० ग्रॅममध्ये जेमतेम १. एकूण साडेपाचच्या आसपास, म्हणजे सात वर्षांच्या मुलाच्या दिवसाच्या गरजेच्या चौथ्या हिश्श्याला थोडे वर.

तांदूळ तोच ठेवा. तूरडाळीच्या जागी २० ग्रॅम अख्खा हरभरा घ्या: ५ ग्रॅम. भाजीत २० ग्रॅम शेवग्याचा पाला आणि ३० ग्रॅम भेंडी घ्या: मिळून २.८. बेरीज साडेदहा. तेच वजन, तेच पातेले, पण आता निम्मी गरज भागली. हरभऱ्याऐवजी मटकी असली तर साडेआठ होतात, तरीही दीडपट.

पांढरा की उकडा, यावर कोकणात पुष्कळ बोलले जाते. उकडा चांगलाच, सकाळची उकड्याची पेज टिकली पाहिजे. पण आकड्यांत पाहिले तर पांढरा २.८, उकडा ३.७ आणि बिनपॉलिशचा ४.४, म्हणजे १०० ग्रॅममागे सुमारे दीड ग्रॅमचा फरक. सरकारी पुरवठ्याच्या तांदळावर भांडण्यात वर्ष घालवू नये. सोललेली डाळ आणि अख्खे कडधान्य यांतला फरक याच्या कितीतरी पट मोठा आहे.

गोकुळाष्टमीचा उपास सोडताना आपल्याकडे आंबोळी, काळ्या वाटाण्याचे सांबार आणि शेवग्याची भाजी असते. आहारतज्ज्ञाने कागदावर मांडले असते तरी याहून नेटके जमले नसते. वाळलेल्या वाटाण्यात १०० ग्रॅमला सुमारे १७ ग्रॅम चोथा, शेवग्याच्या पाल्यात ८. हे ताट वर्षातून एकदा येण्याऐवजी शाळेत आठवड्यातून एकदा यावे, एवढीच विनंती.

अख्खे कडधान्य शाळेत का टिकत नाही, तेही ठाऊक आहे. शिजत नाही, मुलांच्या पोटात वारा धरतो, मदतनीस बाई वैतागतात आणि महिन्याभरात पुन्हा डाळ सुरू होते. यातल्या प्रत्येक अडचणीला कारण आहे आणि तोडही आहे.

६० मुलांना १ किलो २०० ग्रॅम हरभरा लागतो. तो आदल्या दुपारी शाळा सुटताना ४ लिटर पाण्यात भिजत घालावा. पाण्यात सपाट दोन मोठे चमचे मीठ टाकावे, साल मऊ पडते. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात भिजवणाचे पाणी रात्रीतून फसफसते, म्हणून ते स्वयंपाकी बाईंच्या घरी भिजवून झोपण्यापूर्वी एकदा पाणी बदलणे बरे. सकाळी भिजवण फेकून द्यावे. वारा धरायला लावणाऱ्या शर्करा, म्हणजे रॅफिनोज आणि स्टॅकिओज, त्यात उतरलेल्या असतात. आपल्याला त्या पचत नाहीत, जिवाणू त्यांचा वायू करतात.

तरीही दाणे दडस राहत असतील तर तीन गोष्टी पाहाव्यात. एक, साठा. दमट उकाड्यात पोत्यात पाच-सहा महिने राहिलेले कडधान्य आतून घट्ट होते, मग कितीही शिट्ट्या दिल्या तरी उपयोग नाही. म्हणून वर्षाचे एकदम न उचलता दोन महिन्यांचेच घ्यावे आणि पोती भिंतीपासून व जमिनीपासून वर ठेवावीत. दोन, पाणी. खाडीकाठच्या विहिरींचे पाणी बऱ्याचदा जड असते. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम सालीतल्या पेक्टिनला आवळून धरते. शिजवायला साठवलेले पावसाचे किंवा नळयोजनेचे पाणी वापरावे. तीन, आमसूल. कोकणातली ही सर्वांत नेहमीची चूक आहे. आंबट लवकर पडले की दाणा आहे तिथेच थांबतो. आमसूल, चिंच, टोमॅटो, जे काही असेल ते दाणा बोटांत चिरडला जाऊ लागल्यावरच घालावे. खाण्याचा सोडा मात्र टाकू नये. दाणा शिजतो, पण थायामिन जीवनसत्त्व नासते, आणि मुख्यतः भातावर जगणाऱ्या मुलांना तेच आधी कमी पडते.

पोट फुगण्याचे कारण बहुधा घाई असते. एकदम पूर्ण २० ग्रॅम दिले तर तक्रारी येणारच. पहिले दोन आठवडे ५ ग्रॅम कडधान्य आणि १५ ग्रॅम डाळ, पुढचे दोन आठवडे निम्मे-निम्मे, महिन्यानंतर पूर्ण कडधान्य. या काळात जिवाणूंची वस्ती नव्या खुराकाला सरावते आणि वायू कमी होतो. पाणी मात्र वाढवायला हवे. चोथा वाढला आणि पाणी तेवढेच राहिले तर मूल कुंथते, आणि मग सगळा दोष हरभऱ्यावर येतो.

शेवग्याचा पाला वेगळी भाजी म्हणून दिला की ताटात उरतो. कोवळी पाने देठावरून ओरबाडून घ्यावीत, बारीक चिरावीत आणि शेवटच्या पाच मिनिटांत कडधान्यात सोडावीत. जून पाने कडू लागतात. ६० मुलांना १ किलो २०० ग्रॅम पाला लागतो. शाळेच्या कुंपणाला तीन-चार झाडे लावली आणि पावसाआधी छाटली तर दुसऱ्या वर्षापासून पाला विकत आणावा लागत नाही. पावसाळ्यात टाकळा आणि कुर्डू आहेत, पण ते ओळखणाऱ्या बाईंनीच खुडावेत. कडेला फवारणी केलेल्या बागेतले किंवा महामार्गाच्या बाजूचे नकोत.

आता नाचणी. इथे थोडे थांबावे लागेल, कारण चांगल्या हेतूने एक मोठी चूक होते. नाचणीत १०० ग्रॅमला ११ ग्रॅम चोथा आणि सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पण मुलांना आपण देतो ते नाचणीचे सत्त्व. सत्त्व कसे करतात? नाचणी भिजवायची, वाटायची, फडक्यातून गाळायची, खाली बसलेला पांढरा साका वाळवायचा आणि फडक्यातला चोथा गुरांना घालायचा. म्हणजे जिवाणूंचा घास गोठ्यात गेला आणि मुलाच्या वाटीत स्टार्च उरला. सहा-आठ महिन्यांच्या तान्ह्या बाळाला ते योग्य आहे. दुसरी-तिसरीच्या मुलाला नाही. त्याला न चाळलेल्या पिठाची आंबील द्यावी. माणशी २० ग्रॅम पीठ, म्हणजे ६० मुलांना १ किलो २०० ग्रॅम पीठ आणि १० लिटर पाणी. पीठ आधी थंड पाण्यात कालवून घ्यावे, थेट उकळत्या पाण्यात टाकले की गुठळ्या होतात आणि गुठळीच्या पोटात पीठ कच्चे राहते. मंद आचेवर ढवळत आठ-दहा मिनिटे शिजवावे, कोमट झाल्यावर मीठ आणि दोन लिटर ताक घालावे. उकळत्यात ताक घातले तर फाटते. यात एका मुलाला दोन ग्रॅमच्या वर चोथा आणि ७० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. कॅल्शियमचे महत्त्व हाडांपुरते नाही. ब्रिटनमधल्या ५ लाख ४२ हजारांवर स्त्रियांच्या अभ्यासात रोज ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम जास्त घेणाऱ्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग १७ टक्क्यांनी कमी आढळला. कॅल्शियम आतड्यात पित्ताम्लांना बांधून ठेवते, हे त्याचे एक संभाव्य कारण.

कुळथाच्या पिठीचीही तीच गत. कुळीथ भाजून, भरडून, पाखडून साल काढली की मगच पीठ दळले जाते. पिठी चवीला उत्तम, तिला कोणी नाव ठेवू नये. पण पिठीच्या जोडीला अख्ख्या कुळथाची उसळही हवी. दहा-बारा तास भिजवून, फडक्यात बांधून एक दिवस मोड आणले तर ती मुलांना पचते. पावसाळ्यात फडके दिवसातून दोनदा धुवावे, नाहीतर मोडांना वास येतो आणि ते टाकावे लागतात.

एक धोक्याची सूचना. शिजवलेला भात थंड केला की त्यातला थोडा स्टार्च न पचणारा होतो आणि जिवाणूंना मिळतो, हे खरे. ते वाचून कोणी शाळेत शिळा भात द्यायला सुरुवात करू नये. वाढ फार तर १०० ग्रॅमला एखाद्या ग्रॅमची. उलट, कोकणच्या उकाड्यात झाकून ठेवलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू वाढतो, आणि त्याने सोडलेले उलटीचे विष पुन्हा उकळूनही जात नाही. घरी करायचे तर भात तासाभरात पसरट ताटात गार करून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. शाळेत नको.

मोठ्यांच्या ताटाबद्दल थोडक्यात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली सॉसेज, सलामी, हॅम, बेकन यांसारखे प्रक्रिया केलेले मांस पहिल्या गटात, म्हणजे कर्करोग करते हे सिद्ध झालेल्यांत घातले. रोज ५० ग्रॅम खाण्यामागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. मटण, बीफ, डुकराचे ताजे मांस त्याच्या खालच्या गटात आहे. आठवड्याला शिजवलेले अर्धा किलो ही वरची मर्यादा मानावी. ताज्या मासळीवर असा आरोप नाही. सुके बोंबील, सोडे, सुकट यांना सॉसेजच्या पंक्तीत बसवून लोकांना घाबरवू नये. त्यांतला खरा प्रश्न मिठाचा आणि रक्तदाबाचा आहे, म्हणून दोन पाण्यांत धुऊन घ्यावेत. मासा असो की मटण, निखाऱ्यावर काळे पडेपर्यंत भाजू नये. दारूबाबत मात्र सूट नाही. दारूपासून बनणारे असिटाल्डिहाइड अस्तराच्या डीएनएला इजा करते, आणि आतड्यातले जिवाणूही ते बनवतात. मग ती दारू काजूची असो, माडाची असो वा दुकानातली. तंबाखू आणि मिश्री सोडायला सांगताना आशाताईंनी हिरड्यांतल्या फ्यूजोबॅक्टेरियमचाही उल्लेख करावा.

सोलकढी पाचक आहे, पण तिच्यात जिवंत जिवाणू नसतात. प्रोबायोटिकच्या पुड्यांनी हा कर्करोग टळतो असा पुरावा नाही. बचत गटांच्या प्रदर्शनात असे दावे कोणी करत असेल तर थांबवावे.

आता आरोग्य केंद्र. आहाराने धोका कमी होतो, संपत नाही. जो रुग्ण आज चाळिशीत आहे त्याला शाळेतल्या हरभऱ्याचा उपयोग नाही, त्याला वेळेवर निदान हवे.

आपल्याकडे ३० वर्षांवरील सर्वांची असंसर्गजन्य आजारांसाठी तपासणी होते. त्यात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा असे तीन कर्करोग आहेत. मोठ्या आतड्याचा नाही. त्याचा गावोगाव सरसकट शोध घ्यावा असे आम्ही म्हणत नाही. प्रमाण कमी असताना त्यात पैसा आणि माणसे दोन्ही वाया जातील. तक्रार घेऊन जो स्वतःहून दारात येतो, त्याला परत पाठवू नये, इतकेच मागतो.

गुदातून रक्त जाते असे सांगितले की कागदावर ‘मूळव्याध’ लिहिले जाते. मलम, जुलाबाची पावडर आणि तिखट बंद. मूळव्याध खूप जणांना असते, म्हणून हा अंदाज बहुतेक वेळा बरोबरही येतो. पण मूळव्याध आणि कर्करोग एकाच माणसाला असू शकतात, आणि पहिली दिसली म्हणून दुसरा नाही असे होत नाही. त्यासाठी बोटाने गुदपरीक्षण करावे लागते. रुग्णाला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवायचे. हातमोजा, जेली, पडदा, आणि स्त्री रुग्ण असेल तर शेजारी परिचारिका. तर्जनी साधारण सात-आठ सेंटिमीटर आत पोहोचते. चारही बाजूंनी फिरवून पाहायचे: कडक, खडबडीत, हलवल्यावर न हलणारी गाठ लागते का, आणि बाहेर आल्यावर मोज्यावर रक्त किंवा शेम आहे का. साध्या मूळव्याधीचे कोंब मऊ असतात, ते बोटाला सहसा लागतही नाहीत. हे सर्व दोन मिनिटांचे काम आहे. ते टळते ते संकोचामुळे, आणि पुष्कळदा पडदा नसल्यामुळे किंवा जेलीची ट्यूब संपल्यामुळे.

दुसरी चुकणारी जागा म्हणजे रक्तक्षय. पन्नाशीच्या पुरुषाचे किंवा पाळी गेलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन ८ आले की लोहाच्या गोळ्या देऊन पाठवले जाते. या दोघांना लोह कमी पडायला पाळी हे कारण नाही. मग रक्त जाते कुठे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्यातली गाठ महिनोन्‌महिने थेंब-थेंब रक्त सांडते आणि डोळ्यांना काही दिसत नाही. गोळ्यांनी हिमोग्लोबिन वर येते, माणसाला बरे वाटते आणि सहा महिने हातचे जातात. शिवाय लोहाने शौच काळी होते, त्यामुळे नंतर काळी शौच सांगितली तरी कोणी मनावर घेत नाही.

अशा रुग्णांसाठी शौचातले अदृश्य रक्त शोधणारी फिट चाचणी जिल्ह्यात उपलब्ध करावी. ती माणसाच्याच हिमोग्लोबिनला ओळखते, त्यामुळे मासे-मटण बंद करायला लागत नाही. जुन्या पद्धतीच्या चाचणीत ते लागत असे. शौच कागदावर घ्यावी, भांड्यातल्या पाण्याला लागू देऊ नये, आणि काडी चार-पाच ठिकाणी टोचावी. उकाड्यात हिमोग्लोबिन विघटते आणि चाचणी खोटी ‘नाही’ म्हणते. म्हणून नमुना त्याच दिवशी पोहोचवावा, नाहीतर प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये ठेवावा. लसींच्या फ्रिजमध्ये अजिबात नाही. चाचणीची मर्यादाही सांगून ठेवतो. एका वेळच्या चाचणीत १०० पैकी साधारण ७९ कर्करोग सापडतात. म्हणून बोटाला गाठ लागली असेल किंवा वजन उतरत असेल, तर चाचणी काहीही म्हणो, कोलोनोस्कोपीसाठी, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीतून तपासणीसाठी, पाठवायचेच.

आशाताईंच्या घरभेटीच्या अर्जाला जिल्हा पातळीवर तीन प्रश्न जोडता येतील. शौचातून रक्त जाते का? तीन आठवड्यांहून जास्त दिवस शौचाची सवय बदलली आहे का, वारंवार जावेसे वाटते पण पोट साफ होत नाही असे होते का? आईवडील, भावंडे किंवा मुले यांपैकी कोणाला आतड्याचा कर्करोग झाला होता का? तिसऱ्याचे उत्तर ‘हो’ असेल तर चाळिशीत, किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करावी. आतड्यातल्या साध्या कोंबाचा कर्करोग व्हायला बहुधा दहा-एक वर्षे लागतात. त्या काळात तो दुर्बिणीतूनच काढता येतो.

पुढे पाठवतानाच्या चिठ्ठीबद्दलही लिहितो. सिंधुदुर्गातला माणूस गोव्यातल्या बांबोळीला किंवा कोल्हापूरला जातो, रत्नागिरीतला कोल्हापूरला किंवा मुंबईला, रायगड-पालघरातला मुंबईला. एका खेपेला एक-दोन दिवसांची मजुरी जाते. चिठ्ठीवर नुसते ‘मूळव्याध, पुढील उपचारासाठी’ असे असेल तर तिथल्या गर्दीत तो मूळव्याधीच्याच रांगेत लागतो. ‘दोन महिने रक्तस्राव, हिमोग्लोबिन ७.८, गुदपरीक्षणात ५ सेंटिमीटरवर कडक गाठ’ असे लिहिले तर त्याच दिवशी तुकडा काढून तपासायला जातो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आणि औषधोपचार आहेत, पण हातात निदान असल्याशिवाय तिथवर पोहोचता येत नाही.

तेव्हा शिक्षण समितीने जूनपूर्वी तालुक्यातल्या स्वयंपाकी-मदतनिसांची बैठक बोलवावी आणि कडधान्याची मागणी दोन-दोन महिन्यांची करावी. आरोग्य समितीने प्रत्येक केंद्राच्या साठा नोंदवहीत हातमोजे आणि जेली कायमची लिहावी, तपासणी खोलीला पडदा लावून घ्यावा, आणि बाह्यरुग्ण कागदावर ‘गुदपरीक्षण केले / नाही, कारण’ अशी एक ओळ छापून घ्यावी. ओळ छापलेली असली की रिकामी सोडताना हात थांबतो.

दोन्ही प्रशिक्षणांना आम्ही स्वखर्चाने येऊ. सकाळी स्वयंपाकी बायांसोबत रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्याचे पातेले चढवू, आमसूल आधी आणि नंतर घालून दोन्ही दाणे हातात देऊ. दुपारी वैद्यकीय अधिकाऱ्यांसोबत गुदपरीक्षणाचा सराव पुतळ्यावर घेऊ. तारीख आपण कळवावी, चार दिवसांची सूचना पुरे.

आपले,
कोकणातील पोट-आतड्याचे डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि सूक्ष्मजीवशास्त्राचे अध्यापक